दहाव्या जागेची नोंद

खंडेनवमीच्या सकाळी वीणा शाळेत निघाली तेव्हा तिच्या एका हातात डब्याची पिशवी होती आणि दुसऱ्या हातात यशू. दसऱ्याची सुट्टी लागली होती, पण ती मुलांना. कॉम्प्युटरच्या बाईंना कसली सुट्टी? घरी यशूला ठेवावं तर घरमालकीण वसुमतीअक्का बनशंकरीच्या देवळात सेवेला गेलेल्या, म्हणून सहा वर्षांची पोर आईबरोबर निघाली. नवं परकर-पोलकं घातल्यामुळे ती आधीच तोऱ्यात होती.

वीणाचा जीव मात्र टांगणीला लागला होता. उमाकांत स्कूटरच्या अपघातात गेला त्याला दोन वर्षं होत आली होती. तेव्हापासून नागपूरच्या सासऱ्यांचा एकच हेका होता, पोरीला आमच्याकडे आणून सोड. माणसं वाईट नव्हती, पण मुलाच्या जागी नात हवी होती त्यांना, आणि ती मिळवल्याशिवाय ती थांबणार नव्हती. गेल्या रविवारी अक्कांच्या फोनवर सासरे म्हणाले होते, "दसरा झाला की येतो. नोकरी पक्की झाल्याचं पत्र दाखव. नाहीतर यशूचं तिकीट मी काढूनच ठेवलंय."

पत्र हेडमास्तरांच्या टेबलाच्या खणात टाइप होऊन पडलं होतं. सही व्हायची होती, ती दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला. त्या दिवशी शाळेच्या नव्या कॉम्प्युटर रूमचं उद्घाटन होतं. संस्थेचे अध्यक्ष येणार, एक बटण दाबणार, आणि दहाच्या दहा कॉम्प्युटर एकदम काळे पडून पुन्हा एकदम उजळणार. शहाण्णव साली ही मोठीच जादू होती. खोलीच्या कोपऱ्यातल्या सर्व्हरवरून सगळ्यांवर हुकूम चालवणारी नवी प्रणाली शाळेने घेतली होती. प्रत्येक कॉम्प्युटरची तिच्यात नोंद करायची. नोंद झाली की सर्व्हरच्या पडद्यावर त्याच्या जागेचा चौकोन हिरवा होई, आणि त्यानंतर तो कॉम्प्युटर सर्व्हरचं ऐके, समोर बसलेल्याचं नाही.

अडचण एवढीच की कॉम्प्युटर आले होते नऊ. दहावा लॉरीतून उतरवतानाच खाली पडला आणि यशवंतपूरला दुरुस्तीला गेला. शेवटच्या रांगेतल्या शेवटच्या टेबलासमोर नुसती खुर्ची राहिली.

आयुधपूजेला हेडमास्तर पुरुषोत्तमराव स्वतः आले. माणूस धारवाडचा, घरात मराठी, बाहेर कानडी, आणि दोन्हींत सारखाच घाईचा. दाराशी कुंकू भरलेला कोहळा फोडला गेला. कापूर, झेंडूची फुलं आणि नव्या कार्पेटचा गोंद यांचा वास त्या बंद खोलीत कोंदून राहिला. खिडक्यांना धूळ येऊ नये म्हणून जाड काळे पडदे लावलेले, त्यामुळे सकाळ असूनही आत तिन्हीसांजेसारखं वाटत होतं. पुरुषोत्तमरावांनी एकेका कॉम्प्युटरला कुंकू लावलं, हळदीचा दोरा बांधला आणि शेवटच्या खुर्चीपाशी येऊन अडखळले.

"ही जागा रिकामी दिसतेय की हो, मेडम. पूजेत मोकळी जागा बरी न्हवे."

"आमच्याकडे जो हजर नसतो त्याच्या जागी सुपारी ठेवतात, सर."

"सुपारी कशाला? ही बसलीय की बाळ. नवरात्रातली कुमारिका. देवीच म्हणायची. बस गं पुट्टी तिथं."

यशू तुरुतुरु जाऊन खुर्चीत बसली. त्यांनी तिला कुंकू लावलं, डोक्यावर फूल ठेवलं आणि उरलेला दोरा तिच्या मनगटाला बांधला. वीणाला ते पाहून छानच वाटलं. खरं तर तिने तेव्हाच पोरीला उचलून घ्यायला हवं होतं, पण कौतुक होत असताना कुठली आई असं करते?

पूजा झाल्यावर त्या दिवशी यंत्राला हात लावत नाहीत. पुरुषोत्तमरावांनी जाता जाता तेवढंच सांगितलं, "तुम्ही काय करता ते मी बघितलं नाही. उद्या दहा दिसले पाहिजेत. अध्यक्ष मोजणार." मग ते आपल्या घरच्या पूजेला निघून गेले. शिपायाने बाहेरचं फाटक ओढून घेतलं आणि मायलेकी आत राहिल्या.

दुपारपर्यंत नऊ चौकोन हिरवे झाले. एका कॉम्प्युटरचं नेटवर्कचं कार्ड खराब निघालं. वीणाने ते बदलून नवी नोंद केली, तेव्हा जुनी आपोआप पुसली गेली. एका जागेवर एकच, अशी त्या प्रणालीची शिस्त होती. मग तिने दहाव्या जागेचं काम हातात घेतलं. नुसती खोटी नोंद करून ठेवायची. चौकोन लाल राहील, पण दिसेल तरी. अध्यक्षांना लाल-हिरव्यातलं काय कळतंय? वेळ मारून नेऊ आणि दुरुस्त होऊन आला की खरी नोंद करू, असं तिने ठरवलं.

तिने आकडे हाताने भरले. सर्व्हर क्षणभर घुमला. यशू त्याच खुर्चीत बसून रिकाम्या टेबलावर खडूने चित्र काढत होती. तिने मान वर केली, कुणीतरी हाक मारल्यासारखी, आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली.

दहावा चौकोन हिरवा झाला.

वीणाला आनंदच झाला. यंत्रं कधी कधी वेड्यासारखी वागतात हे तिला ठाऊक होतं, आणि आज ती तिच्या बाजूने वागत होती. आता फक्त उद्याचं बटण तपासायचं राहिलं होतं.

"आई, वॉचमनच्या मांजरीला पिल्लं झालीयत. तीन. एक काळं आहे आणि दोन..."

वीणाने बटण दाबलं. नऊ पडदे एकदम काळे झाले. अगदी हवं तसं.

"दोन काय?" तिने हसून विचारलं.

तिने मागे वळून पाहिलं. यशू बोट वर करून बसली होती, तोंड 'दोन' म्हणतानाचं तसंच उघडं. डोळे उघडे होते, पण पापणी हलत नव्हती. वीणा धावली. तिने पोरीचे खांदे हलवले, गालावर थापट्या मारल्या, पिशवीतली पाण्याची बाटली तिच्या तोंडावर रिकामी केली. पाणी हनुवटीवरून ओघळलं, तरी पोर हलली नाही. फिट असेल. ताप डोक्यात गेला असेल. तिला उचलून रस्त्यावर पळायचं म्हणून वीणाने खुर्ची मागे ओढली, आणि तेवढ्यात तिची नजर सर्व्हरकडे गेली. दहाही चौकोन पिवळे झाले होते. कुलूपबंद.

तिने ते का केलं हे तिलाही सांगता आलं नसतं. ती मागे गेली आणि सोडायचं बटण दाबलं.

"...पांढरी," यशू म्हणाली. मग दचकून, "आई, माझं पोलकं कुणी भिजवलं?"

वीणा जमिनीवर बसली, पोरीला ओढून घट्ट धरलं आणि रडली. थोड्या वेळाने तिने तिला उचलून थेट फाटकापर्यंत नेलं. इथून जायचं, नोकरी गेली खड्ड्यात. पण फाटकाच्या कडीला हात घालताना तिच्या मनात आलं, नोंद तर आतच राहणार. उद्या सकाळी अध्यक्ष बटण दाबतील, तेव्हा यशू कुठेही असो, बसमध्ये, रस्त्यावर, नागपूरच्या गाडीत... ती परत फिरली.

नोंद काढून टाकायला हवी होती. तिने तसा हुकूम दिला, तेव्हा पडद्यावर प्रश्न आला: हे बंद करून कायमचं काढून टाकायचं का? मागे यशू टेबलावर मांजरीची पिल्लं काढत होती. वीणाने बोट मागे घेतलं.

मग सर्व्हरच बंद करावा. ती त्याच्या पाठीमागे हात घालणार तोच लाइट गेली. एसीची घरघर थांबली आणि यूपीएस टिट-टिट करू लागला. त्या काळ्या पडद्यांच्या खोलीत कॉम्प्युटरचे हिरवट पडदे तेवढे उजळ उरले.

"आई," यशू हळूच म्हणाली, "मला अंधारी येतेय."

"पडदा सारते हं. थांब."

"तसली नाही... आतून येतेय."

टिट-टिट जलद झाली. बॅटरी नवी होती, पण दहांसाठी घेतलेली नव्हती. शाळेने काटकसर केली होती. यशूचं डोकं टेबलावर टेकलं. तिचा हात दगडासारखा गार पडत चालला. आता वीणाला कळलं की सर्व्हर बंद झाला तर काय होईल. ती वेड्यासारखी टेबलांखाली घुसली आणि एकेक पिन उपसू लागली. एक कॉम्प्युटर विझला, दुसरा, तिसरा. झेंडूची फुलं चुरगळली, दोरे तुटले, कुंकू तिच्या कोपरांना लागलं. नऊच्या नऊ उपसले. शेवटी सर्व्हरचा पडदाही बंद केला, नुसतं त्याचं पोट तेवढं चालू ठेवलं. टिट-टिट जरा सावकाश झाली. तिने पोरीला मांडीवर घेतलं, तोंडाने तिच्या हातांवर फुंकर मारत राहिली आणि आयुष्यात नाव न घेतलेल्या देवांनासुद्धा हाका मारल्या.

लाइट आली. यशूने डोळे उघडले. "भूक लागली," ती म्हणाली.

तिने डबा खाल्ला तोवर वीणा विचार करत होती. माणूस घाबरला की विचार करू शकत नाही म्हणतात, पण आई करू शकते. एका जागेवर एकच. नवीन आलं की जुनं सुटतं. तिने सर्व्हरचा पडदा पुन्हा लावला, पूजेच्या ताटातली सुपारी घेतली, यशूला दूर दाराशी बसवलं, सुपारी त्या खुर्चीत ठेवली, कुंकू लावलं आणि नोंद पुन्हा भरली. सर्व्हरने ती घेतलीच नाही. तिने नारळ ठेवून पाहिला. तोही घेतला नाही. त्याला उत्तर देणारं कुणीतरी हवं होतं.

मग वीणाने यशूच्या मनगटातला दोरा सोडून स्वतःच्या मनगटाला बांधला. कपाळाला कुंकू लावलं. कीबोर्ड लांब तारेने ओढून शेवटच्या टेबलावर आणला, खुर्चीत बसली आणि आकडे भरले. सर्व्हर घुमला. तिला काही झालं नाही, फक्त दातांत बर्फ धरल्यासारखी एक कळ आली आणि गेली. चौकोन हिरवा झाला.

"यशू, आपण एक खेळ खेळू. हे बटण दाबलंस की मी पुतळा होणार. अजिबात घाबरायचं नाही. तू बेचा पाढा म्हणायचास. पूर्ण झाला की हे, हे दुसरं बटण दाबायचं. कुठलं?"

"हे."

"शहाणी माझी ती."

यशूने बटण दाबलं.

झोपेसारखं काही नव्हतं ते. वीणाला सगळं ऐकू येत होतं, एसीची घरघर, बाहेर कुणाच्या तरी गाडीसमोर फुटलेला कोहळा, पोरीचा श्वास. नुसतं ती कुठेच नव्हती. हात कुठे आहे ते तिला सापडत नव्हतं. 'बे एके बे,' यशू म्हणत होती. पोर शाबूत होती, हलत होती, बोलत होती, म्हणजे ती सुटली होती. वीणाला आनंदाने ओरडावंसं वाटलं, पण ओरडायचं कशाने? 'बे पंचे दहा. बे सक बारा. बे साते... बे साते...' यशू थांबली. मग पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. पुन्हा सातेपाशी अडली. चौदा, वीणा त्या अंधारात म्हणत राहिली, चौदा गं बाळा, चौदा.

"बे साते चौदा!" बाकीचा पाढा भराभर झाला आणि बटण वाजलं. वीणाला आपले हात परत मिळाले. ती पोरीला पोटाशी धरून कितीतरी वेळ बसून राहिली. तिला वाटलं, निभावलं. उद्या अध्यक्षांनी दाबू दे बटण. क्षणभराचा तर प्रश्न आहे, तेवढं मी सोसेन. मग दुरुस्त झालेला कॉम्प्युटर येईल, त्याला माझ्या जागी बसवीन.

तिने उपसलेल्या पिना पुन्हा लावल्या, चुरगळलेली फुलं गोळा केली. संध्याकाळी पुरुषोत्तमराव डोकावले. दहा हिरवे चौकोन पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"शभास, मेडम. आणि काय हो, याच्यात वेळ लावून ठेवायची सोय आहे न्हवे? डीलरने मला दाखवलंय." ते खुर्ची ओढून बसलेसुद्धा. "रोज दिवेलागणीला सगळं आपोआप कुलूपबंद. सकाळी माझ्या हाताने उघडायचं. पोरं चावट असतात."

"सर, आज नको. उद्या कार्यक्रम झाल्यावर..."

"स्वल्प काम आहे. झालं बघा."

"सर, कृपा करून आज नको."

त्यांनी वर पाहिलं. तिच्या कपाळावरचं फासलेलं कुंकू, कोपरांचे डाग, मनगटातला दोरा. त्यांच्या नजरेतली शंका वीणाला दिसली. काय सांगणार होती ती? खरं सांगितलं असतं तर पत्र खणातच राहिलं असतं, आणि नागपूरला उद्याच कळलं असतं की पोरीची आई भ्रमिष्ट झाली आहे. सर्व्हरची किल्ली आणि खोलीची किल्ली त्यांनी शर्टाच्या खिशात टाकली.

"सरी, ठीक आहे. सकाळी भेटू. नऊवारी नेसून या की, मराठी लोक चांगले दिसतात त्यात."

घरी पोचेपर्यंत ऊन उतरलं होतं. वीणाने भराभर भात टाकला, यशूला भरवलं, गॅसचा कॉक बंद केला, विळी उचलून माळ्यावर ठेवली. अक्का देवळातून यायच्या होत्या. दाराला आतून कडी न लावता ते नुसतं लोटून घेतलं, अक्कांना येता यावं म्हणून. देवापुढे निरांजन लावलं आणि भिंतीला पाठ टेकून बसली, पडू नये अशी.

"यशू, नीट ऐक. थोड्या वेळाने मी परत पुतळा होणार आहे. सकाळपर्यंत. तू घाबरायचं नाही. अक्का आल्या की सांग, आई दमून झोपलीय. सकाळी मी उठेन."

"खेळ?"

"हो. खेळच."

यशूने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. बाहेर फुलवाला 'हूवा... हूवा...' ओरडत गेला. निरांजनाची वात जरा मोठी झाली होती, पण वीणाने ती सारखी केली नाही.

"आई, तुला आत नाव विचारलं?"

"कुणी?"

"आतल्यांनी. मला विचारलं ना. तो चौकोन हिरवा झाला तेव्हा. हळू आवाजात..."

"नाही गं," वीणा म्हणाली. "मला कुणी काही नाही विचारलं."

"मग बरोबर. तू सांगितलंयस ना, अनोळखी माणसाला आपलं नाव सांगायचं नाही. म्हणून मी माझं नाही सांगितलं."

"मग काय सांगितलंस?"

"तुझं."

वीणाने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात दिवेलागण झाली.

हात गेले, पाय गेले, मांडीवरचं पोरीचं ओझं गेलं. नुसतं ऐकू येणं उरलं. देवळातली घंटा. वातीची चरचर. "झालीस पुतळा?" यशू म्हणाली आणि हसली. मग ती एकटीच काहीबाही बोलत बसली, मांजरीच्या पिल्लांना काय नावं ठेवायची त्याचं. वीणा ऐकत होती. तो आवाज ऐकू येतोय तोवर सकाळ होईल, असं ती स्वतःला समजावत होती.

लोटलेलं दार करकरलं. अक्का आल्या, वीणाला वाटलं. देवा, अक्का आल्या.

"आई दमून झोपलीय," यशू म्हणाली. "सकाळी उठेल."

कुणी काही बोललं नाही. निदान वीणाला तरी काही ऐकू आलं नाही. यशू मात्र ऐकत होती. ती ऐकताना श्वास रोखते, तसा तिचा श्वास थांबला होता.

"नाही," ती म्हणाली. "माझं नाव नाही सांगायचं. आई रागावते."

पुन्हा तिचा श्वास थांबला. वीणा त्या नसलेल्या जागेतून धडका मारत राहिली, सांगू नकोस, सांगू नकोस. बाहेर एक स्कूटर गेली आणि लांब जाऊन विझली.

"असं?" यशूचा आवाज एकदम मोकळा झाला. "तिनेच पाठवलंय तुम्हाला?... मग सांगते."